चार मुठींचं चाक

अहो, काल दुपारी तुमचे धाकटे भाऊ आणि आत्याबाई धारला परत गेले, आणि आज या घरात पहिल्यांदा मी एकटी आहे. शेजारच्या मांगीलाल भियाच्या बायकोने पोह्यांची ताटली आणून ठेवलीय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आधी खाऊन घे, मग भांड." पण मला आधी भांडायचंय. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, तुमच्याशी एक शब्द मोठ्याने बोलायची सोय नव्हती. नवरा गेलेल्या बाईने रडायचं असतं, नवऱ्यावर चिडायचं नसतं. मी रडले, पोटभर रडले, पण राग काही जाईना. म्हणून दुकानात तुमच्या टेबलाशी, तुमच्याच स्टुलावर बसून लिहिते आहे.

भांडण कशाचं ते तुम्हाला ठाऊक आहे. संक्रांतीनंतर डॉक्टरांनी तुमची छाती तपासली आणि स्पष्ट सांगितलं, हृदय थकलंय, इंदूरच्या मोठ्या दवाखान्यात भरती व्हा, उशीर करू नका. तुम्ही सदऱ्याची बटणं लावत बाहेर आलात आणि मला म्हणालात, "एकोणतीस तारीख तेवढी होऊ दे. मग एक मार्चला पहिल्या मोटारीनं जाऊ." एकोणतीस फेब्रुवारी! रावसाहेबांच्या त्या एका घड्याळापायी! मी हात जोडले, पदर पसरला, अबोला धरला. तुम्ही हलला नाहीत. रथसप्तमीच्या आदल्या दिवशी तुम्ही गेलात. एकोणतीस तारीख आपल्या वेळेवर आली, ती नेमकी तुमच्या तेराव्याच्या दिवशी.

मला आठवतंय, लग्न होऊन मी देवासहून धारला आले तेव्हा तुम्ही मामंजींबरोबर राजवाड्यातल्या घड्याळांना चाव्या द्यायला जायचात. पहिल्याच आठवड्यात मी तुम्हाला सांगितलं, आमच्या देवासला राजे दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि दोघांचे टोलेही वेगळे. एकाकडे नऊ वाजून जातात तरी दुसऱ्याकडे वाजायचे असतात. तुम्ही इतके हसलात की मामंजी बाहेर खाकरले. मग एकदम गंभीर होऊन विचारलंत, "पण मग खरे नऊ कुणाचे?" मी म्हटलं, "ज्याच्या हद्दीत भूक लागली त्याचे." हे माझं उत्तर तुम्ही पुढे सगळी वर्षं गिऱ्हाइकांना सांगत राहिलात, आणि दर वेळी माझ्याकडे बघून. मला तेव्हा लाजायला व्हायचं आणि बरंही वाटायचं. हे तुम्हाला कधी बोलले नाही.

संस्थानं विलीन झाली आणि तुमचं काम संपलं. राजवाड्यातली घड्याळं एकेक करून बंद पडत गेली, कुणी विचारायलाही आलं नाही. आपण देवासला आलो, माझ्या अण्णांच्या या दोन खोल्यांत. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत चूल. लोक घरजावई म्हणाले, तुम्ही मनावर घेतलं नाहीत. दुरुस्तीला येणार काय, तर गजराची घड्याळं, शाळामास्तरांची मनगटी घड्याळं, नाही तर मांगीलाल भियाचं ते भिंतीवरचं, ज्यात दर पावसाळ्यात पाल शिरायची. "कईं करी रिया हो, मास्टर भिया?" अशी चौकशी करत तो सकाळीच दारात उभा. तुम्ही पाल काढून द्यायचात आणि तो शेव-जिलेबीचा पुडा ठेवून जायचा. आपलं बरं चाललं होतं हो. मला दुसरं काही नको होतं.

मग दोन उन्हाळ्यांपूर्वी रावसाहेब आले. धारचे जुने सरदार, मामंजींना ओळखणारे. रेशमी रुमालात गुंडाळलेलं सोन्याचं खिशातलं घड्याळ त्यांनी तुमच्या टेबलावर ठेवलं. विलायती काम. तबकडीवर आणखी चार छोट्या तबकड्या: एकीवर वार, एकीवर तारीख, एकीवर महिना, आणि चौथीत निळ्या आभाळात सोन्याचा चंद्र. तुमचा चेहरा मी मागच्या दारातून बघत होते. आपल्याला मूल झालं असतं तर ते पहिल्यांदा हातात घेताना तुम्ही असेच दिसला असतात, असं माझ्या मनात आलं आणि मी आत गेले.

तुम्ही मागचं झाकण उघडलंत आणि हसत सुटलात. "अगं, इकडे ये लवकर! घड्याळाची ओटी भरलीय कुणीतरी!" मी पाहिलं तर आत चाकाचाकांवर कुंकू! हळदीचा पिवळा थर, आणि एका खाचेत तांदळाचा दाणा, अक्षतेचा. रावसाहेब ओशाळले. म्हणाले, "आमच्याकडे खंडेनवमीला तलवारींबरोबर हेही पूजेत असतं, मास्तर. वडील म्हणायचे, दरबारातलं शस्त्रच आहे हे." आणि पूजा नुसती वरून कशी करायची? म्हणून दर नवमीला मागचं झाकण उघडून, आत फुलाने पाणी शिंपडून, हळदकुंकू वाहून, साग्रसंगीत! त्या दिवशी शस्त्राला हात लावायचा नाही म्हणून चावी बंद. घड्याळ थांबायचं. दसऱ्याला कुणीतरी उत्साही माणूस काटे उलटसुलट पिळून वेळ लावायचा. वर्षानुवर्षं हे चाललं. विलायतेत हे घड्याळ ज्यांनी घडवलं त्यांनी चोर हिशेबात धरला असेल, धूळ धरली असेल, पण देवभोळी माणसं धरली नसतील.

आतली अवस्था तुम्ही मला दुसऱ्या दिवशी दाखवलीत. गंज साफ होण्यासारखा होता, काही स्क्रू नव्याने बनवण्यासारखे होते. पण एक चाक कामातून गेलं होतं. नेमकं मुख्य. मी विचारलं, "तारखेला एवढं काय चाक लागतं? एकतीस झाले की परत एक." तेव्हा तुम्ही भिंग डोळ्यावरून काढलंत, दुकानात कुणी नाही बघून माझा हात धरलात आणि मूठ मिटायला लावलीत. लग्नाला इतकी वर्षं झालेली, पण दिवसाउजेडी तुम्ही माझा हात धरल्याचं मला दुसरं आठवत नाही. तुम्ही माझ्या बोटांच्या सांध्यांवरून तुमचं बोट फिरवलंत. "हा उंचवटा जानेवारी, एकतीस. हा खळगा फेब्रुवारी. हा उंचवटा मार्च, हा खळगा एप्रिल, तीस. करंगळीवर जुलै, तिथेच ऑगस्ट, आणि परत मागे."

"हे तर मला शाळेपासून येतं," मी म्हटलं.

"मग तुला हे घड्याळ येतं," तुम्ही म्हणालात. "त्या चाकाच्या कडेला असेच उंचवटे आणि खळगे आहेत. चार वर्षांचे सगळे महिने, म्हणजे अशा चार मुठी गोलात बसवल्यात. एक दांडी त्यावर टेकलेली असते. महिना सरत आला की ती चाचपून बघते. उंच लागलं तर एकतीस, थोडं खोल लागलं तर तीस, फार खोल गेली तर अठ्ठावीस. आणि चार फेब्रुवारींपैकी एकाचा खळगा केसभर उथळ असतो. त्या वर्षी एकोणतीस." बोलताना तुम्ही माझा हात सोडायचं विसरलात. मांगीलाल भिया दारात येऊन उभा राहिला तेव्हा मीच ओढून घेतला.

तो केसभर उथळ खळगाच कुणीतरी घासून टाकला होता. कुणा कारागिराला वाटलं असणार, बाकीचे तीन खोल आहेत आणि हा एक चुकून कमी खोल राहिलाय! त्याने कानस घेऊन चारही सारखे करून दिले. बिचाऱ्याने मन लावून केलं असेल. पण तेव्हापासून त्या घड्याळाला एकोणतीस फेब्रुवारी उरलीच नाही. आणि पिळून पिळून दातेही झिजलेले. तुम्ही म्हणालात, हे चाक नवीन कापायला हवं. मी विचारलं, कुठून मागवणार? तुम्ही स्वतःचे हात बघत बसलात. तेव्हाच मला कळलं की आता आपलं घर काही खरं नाही.

दीड वर्ष! किती चाकं कापलीत आणि किती फेकलीत, त्याचा हिशेब माझ्या केरसुणीला माहीत. जेवताना तुम्ही पोळीच्या कडेला नखाने खाचा पाडायचात. मी ओरडायचे, "ती पोळी आहे, खायची!" तुम्ही दचकून खायचात. गिऱ्हाईक आलं की "परसों आओ" म्हणून परत पाठवायचात, आणि परवा आलं की पुन्हा परवा. मला घड्याळाचा हेवा वाटायचा. आता सांगते, कारण आता काय फरक पडतो.

आणि आपला तो वाद, तो तर अर्धाच राहिला. गेल्या साली अधिक भाद्रपद आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं, तर अण्णा नाहीत, आई नाही, म्हणून तुमच्या सासरच्या वतीने मीच तुम्हाला अनारसे वाढले. तुम्ही अनारसा तोडलात आणि मी संधी साधली. "काय हो, तुमच्या घड्याळात हा महिना कुठे आहे?" तुम्ही अनारसा तोंडात टाकलात. मी जोशाची मुलगी, मी कशाला सोडतेय! म्हटलं, "तुमचा चंद्र बैलासारखा एका चालीने फिरतो. खरा चंद्र कधी धावतो, कधी रेंगाळतो. तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते. ते तुमच्या चाकाला कळतं का?" तुम्ही तोंडातला अनारसा गिळून म्हणालात, "तुझं पंचांग दर वर्षी नवीन छापावं लागतं. माझं चाक एकदा कापलं की इसवी सन दोन हजार शंभरपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"आणि दोन हजार शंभरला काय होईल?"

"त्या साली चौथं वर्ष असूनही फेब्रुवारी अठ्ठावीसचाच. घड्याळ चुकेल. तेव्हा कुणीतरी हाताने एक दिवस पुढे ढकलायचा, बस्स."

"कोण ढकलणार?" मी सहज विचारलं. खरंच सहज. पण तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी तुमच्याकडे पाहिलं, आणि दोघांनाही कळलं की आपल्या घरात हे सांगून ठेवायला कुणी नाही. तुम्ही म्हणालात, "अनारसे छान जमलेत." त्यावर मी आणखी दोन वाढले.

खंडेनवमीला पुन्हा खटका उडाला. तुमची हत्यारं मी पाटावर मांडली, चिमटे, कानशी, पेचकस, वर झेंडूची फुलं. तोपर्यंत रावसाहेबांचं घड्याळ नवं चाक घालून चालू झालं होतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कशाला हात लावायचा नव्हता. तर तुम्ही सकाळी आठला गुपचूप त्याला चावी देताना सापडलात. मी म्हटलं, "नवमी आहे! काम करायचं नाही!" तुम्ही म्हणालात, "चावी देणं म्हणजे काम नव्हे. ते जेवू घालणं झालं. नवमीला तू मला उपाशी ठेवतेस का?" मला हसू आलं आणि तुम्ही जिंकलात.

तुम्ही नेहमी असेच जिंकलात, मला हसवून. संक्रांतीनंतरच्या त्या भांडणातही तेच करायला बघत होतात. मी मात्र हसले नाही.

मी विचारलं, "हाताने फिरवून बघा ना. तारीख पुढे न्या, एकोणतीस येते का बघा, आणि चला इंदूरला." तुम्ही म्हणालात, बघितलंय, बरोबर येते. पण हाताचा जोर वेगळा आणि घड्याळाचा स्वतःचा जोर वेगळा. दांडी त्या उथळ खळग्यावर स्वतःहून टेकली पाहिजे, कुणी न ढकलता. ते कळायला खरी तारीखच यावी लागते, आणि तोपर्यंत घड्याळ थांबता कामा नये. मी म्हटलं, "मग मी मांगीलाल भियाला तुमच्याबरोबर पाठवते आणि मी इथे राहून रोज चावी देते. सकाळी आठला, तुम्ही देता तशी." तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "तुझा हात जड आहे गं. पाटा-वरवंट्याचा हात तो. स्प्रिंग तोडशील आणि माझं दीड वर्ष पाण्यात."

तुम्ही सहज बोललात. तुमच्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. पण मला ते लागलं. ज्या हातावर तुम्ही मला सगळं घड्याळ शिकवलंत, तो हात चावी देण्याच्याही लायकीचा नाही? मी रागाने म्हटलं, "मग बसा त्याला कुरवाळत." आणि आत निघून गेले. त्यानंतर तुम्ही रोज देवीच्या टेकडीच्या पायऱ्यांकडे बघायचात आणि म्हणायचात, एक मार्चनंतर देवीला जाऊन येऊ. दोन पायऱ्या चढायची ताकद नव्हती तुमच्यात.

शेवटच्या सकाळी मी संध्याकाळच्या हळदीकुंकवासाठी हरभरे भिजत घालत होते. मांगीलाल भियाची हाक आली, "भाभी! भाभी, बाहर आओ!" मी आले तेव्हा तुम्ही याच टेबलावर डोकं टेकून होतात. मला वाटलं, खाली पडलेला स्क्रू शोधताय. मी म्हणालेसुद्धा, "सापडला का?"

मग माणसं जमली, धारहून भाऊजी आले, आत्याबाई आल्या. तुम्हाला नेलं. घर सुतकात गेलं, देव बंद, तुम्हाला ठेवलं होतं त्या जागी पणती. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजले आणि मी कुणी न सांगता उठले. घड्याळ कपाटातून काढलं. आत्याबाई म्हणाल्या, "अगं, सुतकात हे काय? लोक काय म्हणतील?" मी घड्याळ तळहातावर घेतलं. तुम्ही कसं करायचात ते मी इतके महिने बघत होते: अंगठा आणि तर्जनी, सावकाश, आणि बोटाला आतून नकार जाणवला की तिथेच थांबायचं. मला वाटलं होतं हात जड पडेल. पडला नाही. रोज आठला चावी देत गेले. कशासाठी, ते तेव्हा मला विचारलं असतंत तर सांगता आलं नसतं.

दहाव्याला भाऊजी क्षिप्रेवर गेले. पिंडाला कावळा शिवेना. माणसं उन्हात ताटकळली. शेवटी भाऊजींनी हात जोडून सांगितलं, दादा, वहिनीला अंतर देणार नाही. कावळा हलेना. मग त्यांना सुचलं. म्हणाले, दादा, घड्याळ एकोणतीस तारखेपर्यंत थांबू देणार नाही. आणि म्हणे लगेच शिवला! भाऊजी घरी येऊन रडत रडत हे सांगत होते, सगळ्या बायका पदराने डोळे टिपत होत्या, किती हो जीव कामात. मी मात्र आतून जळत होते. माझ्या नावाने बसून राहिलेला कावळा घड्याळाच्या नावाने उठला! कावळ्यावर कुणी रुसतं का? मी रुसले. अजून आहे.

तेराव्याची सकाळ. खरं सांगू? घड्याळ चुकावं म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते. ते एक मार्च दाखवू दे. म्हणजे मला म्हणता येईल, बघा, ज्याच्यासाठी जीव दिलात ते हे असलं! मग माझा सगळा राग तुमच्यावर बिनबोभाट काढता येईल. उजाडल्यावर मी कपाट उघडलं. तारखेच्या छोट्या तबकडीवर काटा एकोणतिसावर उभा होता. सरळ, न डगमगता. महिन्याच्या तबकडीवर फेब्रुवारी. कुणी ढकललं नव्हतं.

भाऊजींनी बघितलं आणि ओरडले, "दादानं करून दाखवलं!" सगळे जमले. मांगीलाल भियाने कानाला हात लावून घड्याळाला नमस्कार केला. रावसाहेब जेवायला आले होते, त्यांनी घड्याळ हातात घेऊन "वा मास्तर, वा" म्हटलं आणि मला म्हणाले, "मुंबईला मुलाकडे पाठवतो आता. तो मनगटी वापरतो, पण दिवाणखान्यात शोभेल." मुलाला सांगून ठेवा, रोज चावी लागते, असं मी त्यांना बजावलं नाही. दोन दिवसांत थांबेल ते. मग पुन्हा कुणीतरी काटे पिळेल. तुमचं चाक किती दिवस टिकेल माहीत नाही, आणि त्याच्याबद्दल काही वाटायला मला आता जोर नाही. घेऊन जा म्हटलं, आणि रुमालात बांधून दिलं.

सगळे म्हणत होते, मास्तरांच्या आत्म्याला शांती मिळाली. माझ्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. तुमच्या शेवटच्या सकाळनंतर त्या घड्याळाला चावी कुणी दिली? मी. स्प्रिंग तुटली का? नाही. घड्याळ थांबलं का? नाही. तारीख बरोबर आली का? आली. म्हणजे तुम्ही संक्रांतीनंतर इंदूरला गेला असतात, तिथे पलंगावर पडून राहिला असतात, तरी ती अशीच आली असती. तुमची इथे गरज नव्हती. वाचला असतात का, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण मी विचारलं की ते मान खाली घालतात.

तुमचं वर्षश्राद्ध भाऊजी माघ शुद्ध षष्ठीला करतील, माझ्या पंचांगाप्रमाणे, तुमच्या चाकाप्रमाणे नाही. तुम्ही चिडणार. चिडा. समोर येऊन चिडा. या वादात तुमची बाजू मांडायला आता कुणी नाही, आणि मला एकटीला त्यात काही गोडी नाही. देवघरातलं नवं पंचांग मी उघडलंसुद्धा नाही. सकाळी आठ वाजले की बोटं आपोआप वळतात, आणि हातात काही नसतं. पुढे काय करायचं ते मला ठाऊक नाही. कुणी विचारलं तर म्हणते, बघू. बघायचं काही उरलेलं नाही.

एक गोष्ट तेवढी राहिली बोलायची. भांडताना नेमकं हवं ते सुचत नाही. त्या दिवशी मी देवीची शपथ घातली, तुमच्या आईची आठवण काढली, जीव देईन म्हटलं, नाही नाही ते बोलले. साधी गोष्ट सुचली ती तेराव्याच्या दुपारी, पंगत उठत होती तेव्हा, मागच्या दाराशी बसल्याबसल्या. त्या दिवशी सुचली असती तर तुम्ही हसला असतात, डोक्यावर टोपी चढवली असतीत आणि माझ्याबरोबर मोटारीत बसला असतात, अशी मला खात्री वाटते.

एकोणतीस फेब्रुवारी चार वर्षांनी परत येते हो. तुम्हीच तर शिकवलं होतंत मला.